बाप्पा, पिकअप आणि रबराचा ठोकळा

गणपती पेणहून निघतो तेव्हा उंदरावर बसून निघत नाही. तो पिकअपच्या हौद्यात, भाताच्या पेंढ्यात बसून निघतो. पेण शहर आणि आसपासची हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावं मिळून दरवर्षी लाखो मूर्ती घडवतात. मग त्या रस्त्याला लागतात. काही मुंबई-पुण्याला, काही दक्षिणेकडे रोहा-महाडला, आणि काही न्हावाशेवाच्या बंदरात कंटेनरमध्ये चढून थेट परदेशी. कारखान्यापासून मखरापर्यंतचा हा प्रवास मूर्तीच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा. सोंडेचं टोक उडालं, हाताचं एक बोट तुटलं, की मूर्ती खंडित. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही. म्हणजे कारागिराची मेहनत, रंगकाम, भाडं, सगळं एका खड्ड्यात.

या लेखाचा विषय मात्र मूर्ती नाही. मूर्ती आणि खड्डा यांच्या मध्ये जे काही असतं, त्याचा हा इतिहास आहे. त्यातही एका अगदी दुर्लक्षित भागाचा. पिकअपच्या मागच्या चाकांपाशी खाली वाकून पाहिलंत तर चासीला खालून चिकटवलेला एक काळा रबराचा ठोकळा दिसेल. त्याला बंप स्टॉप म्हणतात. नवीन गाडी घेताना याच्याबद्दल कुणी विचारत नाही. पण गाडीचं काम निघालं की हळूहळू कळतं, की गाडी 'बसते' कशी, यात या ठोकळ्याचा हात मोठा आहे.

आधी थोडी ओळख

पिकअपच्या मागच्या बाजूला एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना 'पाटे' म्हणतात आणि अख्ख्या जुडग्याला 'कमान'. चाक वर उचललं गेलं की कमान वाकते आणि हादरा गिळते. कमान एकदा वाकली की झोके घेत राहते. ते झोके थांबवायला शॉकअॅब्सॉर्बर असतो. आणि कमान वाकून वाकून संपली, आता एक्सल थेट चासीवर आदळणार, अशी वेळ आली की मध्ये हा रबराचा ठोकळा येतो.

आयटीतल्या मंडळींसाठी सांगायचं तर पाटे म्हणजे तुमचा मुख्य कोड आणि बंप स्टॉप म्हणजे सगळ्यात बाहेरचा कॅच ब्लॉक. सगळं सुरळीत चाललं असेल तर तिथे कंट्रोल कधी येतच नाही. पण आला, तर आतमध्ये काय लिहिलंय यावर ठरतं की प्रोग्रॅम शहाण्यासारखा सावरणार की युजरच्या तोंडावर आपटणार.

जेव्हा सस्पेन्शन पाण्याचं होतं

आता मागे जाऊ. आज पेण आणि रोहा म्हटलं की आपल्याला हायवे आठवतो. पण ही दोन्ही गावं मुळात खाडीच्या आधाराने वाढली. पेण भोगावतीच्या काठावर, पुढे धरमतरची खाडी. रोहा कुंडलिकेच्या काठावर, समोर अष्टमी, आणि नदी खाली रेवदंड्याला समुद्राला मिळते. (नगरपरिषदेचं नावसुद्धा रोहा-अष्टमी असंच आहे.) भात आणि मीठ हा इथला जुना माल. तो भरतीचं गणित बघून होड्या-पडावांतून मुंबईकडे जायचा. मुंबईहून धरमतरला आगबोटी यायच्या आणि कोकणात उतरणारे प्रवासी तिथून पुढे खुष्कीच्या वाटेला लागायचे.

पाणी हे सर्वोत्तम सस्पेन्शन. वजन कितीही टाका, पाणी सगळीकडून सारखं उचलून धरतं आणि खाडीच्या शांत पाण्यात खड्डे नसतात. अडचण फक्त बंदरापासून घरापर्यंतची. तिथे बैलगाडी.

बैलगाडीला स्प्रिंग नसते. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, वर आख आणि आखावर थेट साटा. चाकाला बसलेला प्रत्येक दगड मालाला कळतो. मग हादरा कोण गिळायचं? एक, गाडीचा वेग. बैल माणसाच्या चालीने चालतो आणि वेग निम्मा केला की धक्क्याची ऊर्जा चौथाई होते. दोन, पेंढा. आणि तीन, गाडीची लाकडं, जी थोडी थोडी ढिली होत कुरकुरत तो हादरा वाटून घ्यायची. पेंढा आजही टिकून आहे हे विशेष. पिकअप आली, डिझेल आलं, पण रायगडातल्या भाताच्या पेंढ्याला मूर्तीखालून कुणी हलवू शकलं नाही.

देवांसाठी मात्र आपल्याकडे वेगळी सोय होती. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. पोलीस बंदुका घेऊन तिला मानवंदना देतात म्हणून ती प्रसिद्ध आहे. पण इंजिनियरच्या नजरेने पाहिलं तर पालखी हा एक उत्तम सस्पेन्शनचा नमुना आहे. लांब दांडा थोडासा लवतो, ती झाली कमान. वाहणाऱ्यांचे गुडघे आणि खांदे हा झाला शॉकअॅब्सॉर्बर, तोही समोरचा खड्डा आधीच पाहून स्वतःला जुळवून घेणारा. असं 'अॅक्टिव्ह सस्पेन्शन' मोटारींमध्ये यायला विसावं शतक संपत आलं. फक्त याची किंमत पालखीत बसणाऱ्याच्या नाही, वाहणाऱ्याच्या शरीरातून वसूल होते. उत्सवात तो आनंद असतो. पण जुन्या काळी साहेबांचे आणि सरदारांचे मेणे पोटासाठी वाहणाऱ्या भोयांच्या खांद्यांचं काय होत असेल, याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा. हादरा नाहीसा होत नाही. तो कुणाकडे तरी जातो. सस्पेन्शनचा इतिहास म्हणजे तो कुणाकडे पाठवायचा, याचा इतिहास.

(विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. भूदानासाठी १९५१ पासून देशभर पायी फिरलेल्या विनोबांचा जन्म याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. ज्याने वाहनच नाकारलं त्याला सस्पेन्शनचा प्रश्नच आला नाही :-) )

पोलादी पाटे येतात

गाडीला पोलादी पाटे लावायची कल्पना जुनी आहे, पण ती सुटसुटीत झाली १८०४ साली. लंडनच्या ओबादाया एलियट नावाच्या कारागिराने लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं. त्याआधी घोडागाडीचा सांगाडा जड लाकडाचा असायचा. एलियटने गाडीचं अंग थेट कमानींवर बसवलं आणि गाडी हलकी झाली. तीच कमान, थोडी अर्धी होऊन, पुढे टांग्यात आली, मोटारीत आली, ट्रकमध्ये आली आणि आज दोनशे वर्षांनंतर तुमच्या-माझ्या समोरून जाणाऱ्या पिकअपमध्ये आहे. सॉफ्टवेअरमध्ये एवढं जुनं काही चालू असेल तर आपण त्याला 'लेगसी' म्हणून नाक मुरडतो.

ती टिकली याला कारण आहे. कमान एकाच वेळी तीन कामं करते. ती वजन उचलते. ती एक्सलला जागेवर धरून ठेवते, म्हणजे वेगळे दांडे लागत नाहीत. आणि पाटे एकमेकांवर घासत असल्यामुळे थोडे झोके ती आपलीआपणच थांबवते. शिवाय मोडली तर कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होते. पाटा तुटला, नवा टाकला, गाडी पुढे. कॉइल स्प्रिंगचं असं नाही.

१९४१ च्या विलिस जीपला चारही चाकांना पाटेच होते. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जीपा जुळवायला सुरुवात केली आणि तिथून निघालेली वंशावळ पुढे बोलेरो पिकअपपर्यंत पोचली. दुसरी वंशावळ जर्मनीतून आली. हॅम्बुर्गची टेम्पो नावाची कंपनी छोटी मालवाहू वाहनं बनवायची. तिच्याशी करार करून फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली आणि 'टेम्पो' हा कंपनीचा ब्रँड मराठीत कुठल्याही छोट्या मालगाडीचं नाव होऊन बसला. त्याच कंपनीची मॅटाडोर आली, मग मिनीडोअर. रायगड जिल्ह्यात ज्याने मिनीडोअरमध्ये मागे बसून प्रवास केलाय त्याला राइड क्वालिटीवर वेगळं व्याख्यान द्यायची गरज नाही. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली आणि २००५ मध्ये 'छोटा हाथी' म्हणून ओळखली जाणारी एस. आता गावातल्या माणसाला मोठ्या ट्रकची वाट बघायची गरज उरली नाही. मूर्ती कारखान्याच्या दारातून उचलून थेट गिऱ्हाइकाच्या दारात.

इथपर्यंत सगळं छान. पण इथेच एक गणित फसलं.

हलका माल, कडक गाडी

पिकअपचे पाटे कशासाठी बनतात? टन-दीड टन वजन उचलण्यासाठी. विटा, सिमेंट, भाताची पोती. गणपती हा माल वेगळा आहे. तो जागा खूप व्यापतो पण वजन फार नसतं. मूर्ती एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये मोकळी जागा सोडावी लागते, त्यांच्यावर दुसरा थर रचता येत नाही. म्हणजे हौदा भरलेला दिसतो पण पाट्यांच्या दृष्टीने गाडी जवळजवळ रिकामीच असते.

रिकामी पिकअप उडते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. का उडते ते आकड्यांत बघू. स्प्रिंगवर बसलेलं वजन सेकंदाला किती झोके घेईल हे स्प्रिंगचा कडकपणा आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरतं. समजा, मागच्या कमानींवर पूर्ण भरल्यावर २००० किलो येतात आणि रिकामी असताना ५०० किलो. वजन चौथाई, म्हणजे झोके दुप्पट. भरलेली गाडी सेकंदाला दीड झोके घेत असेल तर रिकामी तीन घेईल.

दीड झोके म्हणजे साधारण चालण्याची लय, अंगाला सवयीची. तीनच्या पुढे गेलं की अंगाला जाणवू लागतं आणि ४ ते ८ च्या पट्ट्यात माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त त्रासतं. १९७४ पासून आयएसओ २६३१ नावाचं एक मानकच आहे याच्यासाठी. मूर्तीसाठी मानक नाही.

अजून एक गंमत. याच उदाहरणात भरलेल्या गाडीची कमान स्वतःच्या वजनाने सुमारे ११ सेंटिमीटर दबलेली असते, तर रिकाम्या गाडीची जेमतेम पावणेतीन. म्हणजे रिकाम्या गाडीचं चाक पावणेतीन सेंटिमीटरपेक्षा खोल खड्ड्यात झपकन गेलं तर कमान पूर्ण सैल होते आणि वरचा माल क्षणभर अधांतरी. पुढच्याच क्षणी हौद्याचा तळ खालून वर येतो आणि मूर्ती पाटासकट त्यावर आपटते. मूर्ती तुटते ती बहुतेक वेळा खड्ड्यात जाताना नाही, बाहेर येताना.

आणि तुटणारी वस्तू कसली आहे ते बघा. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये काथ्या घालून त्याला थोडा चिवटपणा आणता येतो. शाडू मातीची मूर्ती जड आणि जास्त ठिसूळ. दाब सहन करते, ताण नाही. आडवा पसरलेला हात, कान, सोंडेचं वळण, या सगळ्या जागा म्हणजे भिंतीत एका टोकाला पुरलेल्या फळीसारख्या. हादरा बसला की मुळापाशी तडा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध नियम कडक केले. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बनवायला आणि विकायला मुभा दिली, विसर्जनावर अटी राहिल्या. पर्यावरणाच्या बाजूने शाडूकडे वळणं बरोबरच आहे. पण त्याचा एक अर्थ असाही, की पेणच्या रस्त्यावर जास्त ठिसूळ माल धावणार.

मग पाटे कमी का करत नाहीत? करतात की. एक पाटा काढला की गाडी मऊ होते. पण हीच पिकअप वर्षातले दहा महिने विटा वाहते. भाद्रपदासाठी मऊ केलेली गाडी मार्गशीर्षात विटा भरल्यावर सतत तळाला टेकणार. म्हणून आपल्याकडची नेहमीची प्रथा उलटी. जादा पाटा टाकायचा. ओव्हरलोड सहन होतो, गाडी 'मजबूत' होते आणि हलक्या मालाच्या दिवसांत अजूनच कडक.

एकाच गाडीला मऊही व्हायचंय आणि कडकही. या पेचातून वाट काढायला तो रबराचा ठोकळा उपयोगी पडतो.

ठोकळ्याची गोष्ट

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली त्यात गंधक मिसळून तापवलं आणि रबर टिकाऊ झालं. स्टीफन मोल्टन नावाच्या इंग्रजाने हा माल अमेरिकेहून इंग्लंडला नेला आणि १८४८ साली ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला कारखाना काढला. पुढे त्याच कारखान्याने रेल्वेसाठी रबराच्या स्प्रिंगा आणि बफर बनवले. डबे एकमेकांवर आदळतात तिथे लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून. आपला बंप स्टॉप हा त्या बफरचा धाकटा भाऊ. आणि याच घराण्यातल्या अॅलेक्स मोल्टनने १९५९ च्या मिनी मोटारीला पोलादी स्प्रिंग काढून चक्क रबराच्या स्प्रिंगा दिल्या. म्हणजे रबर हे फक्त शेवटचा अडसर नाही, स्प्रिंगसुद्धा होऊ शकतं, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

साध्या बंप स्टॉपमध्ये अडचण काय? रबर 'दाबलं जातं' असं आपण म्हणतो, पण भरीव रबराचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. वरून दाबलं की ते बाजूला फुगतं. फुगायला जागा संपली की ते दगड होतं. म्हणून भरीव, बुटका ठोकळा पहिले काही मिलिमीटर रबर असतो आणि त्यानंतर लोखंड.

याने काय फरक पडतो? शाळेतलं गणित पुरेसं आहे. ५ सेंटिमीटर उंचीवरून पडलेली वस्तू सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाने खाली टेकते. ती एकसारखी मंदावत २ मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५ पट धक्का बसतो. १ सेंटिमीटरमध्ये थांबली तर ५ पट. ४ सेंटिमीटरमध्ये थांबली तर फक्त सव्वा पट. वेग तोच, वजन तेच, खड्डा तोच. फक्त थांबायला किती अंतर मिळालं, एवढाच फरक. सोंडेचं टोक राहणार की जाणार, हे त्या तीन-चार सेंटिमीटरवर ठरतं.

हे अंतर वाढवायचे दोन मार्ग निघाले. एक म्हणजे पोकळ रबर. आतून पोकळ, बाहेरून घडीघडीचा आकार. दाबलं की भिंती आत दुमडतात, आधी मऊ लागतं आणि हळूहळू कडक होत जातं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी ट्रकमध्ये हे जास्त वजनाला आधार देणारी दुसरी स्प्रिंग म्हणून रुळलं. दुसरा मार्ग पॉलियुरेथेनचा. ओटो बायरने १९३७ साली जर्मनीत हे रसायन शोधलं आणि पुढे त्यात सूक्ष्म हवेचे बुडबुडे ठेवून फेस बनवता येऊ लागला. हा फेस खरोखर दाबला जातो, कारण आतली हवेची जागा कमी होते. बाजूला फारसा फुगत नाही आणि निम्म्याहून जास्त दबू शकतो. आज बऱ्याच मोटारींमध्ये शॉकअॅब्सॉर्बरच्या दांड्यावर जो पिवळट किंवा काळा सच्छिद्र नळकांडा असतो तो हाच.

आता पिकअपचा पेच सुटतो. हलका माल असताना उंच, मऊ सुरुवातीचा बंप स्टॉप खड्ड्याच्या टोकाला हळूच हात देतो. विटा भरल्या की कमान दबते, चासी त्या ठोकळ्यावर टेकते आणि तो दुसरी स्प्रिंग बनून भार उचलतो. एकच गाडी, दोन हंगाम. जादा पाट्याने हे जमत नाही कारण जादा पाटा वर्षभर कडक असतो. पोकळ रबर गरजेपुरतं कडक होतं.

ज्याला खरंच बदलायचंय त्याच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, आधी पाटे बघा. रायगडात पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. गंज आणि चिखलाने पाटे एकमेकांना चिकटले असतील तर कमान वाकतच नाही आणि कितीही भारी रबर लावलं तरी उपयोग शून्य. पाटे उघडून साफ करणं, बुश आणि शॅकल बघणं, संपलेला शॉकअॅब्सॉर्बर बदलणं, हे आधी. दुसरी, टायरमधली हवा. पूर्ण लोडची हवा ठेवून हलका माल नेणं म्हणजे कडकपणा फुकट विकत घेणं. कंपनीने रिकाम्या गाडीसाठी दिलेला आकडा पाळा. तिसरी, ठोकळ्याची उंची मोजून घ्या. फार उंच ठोकळा सपाट रस्त्यावरही टेकून राहतो आणि मग कमान असून नसल्यासारखी. चौथी आणि महत्त्वाची, रबर बदलल्याने गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही. ब्रेक तेच, एक्सल तोच, टायर तेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि त्यामागे कारण आहे.

आणि रस्ता?

इतकं सगळं वाचून एखादा म्हणेल, अहो पण मुळात रस्ता नीट केला तर? बरोबर. आता तिकडेच येतोय.

पेणवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आधी क्रमांक १७ होता, २०१० च्या फेररचनेत तो ६६ झाला. त्यातल्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड सगळं या टप्प्यात. तीनेक वर्षांत व्हायचं काम दशक उलटून गेलं तरी रखडलेलं राहिलं. कर्नाळा अभयारण्याची परवानगी, भूसंपादन, कंत्राटदारांच्या अडचणी अशी कारणं निघत गेली, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, आणि दर गणपतीच्या आधी मंत्र्यांचे पाहणी दौरे हा कोकणातल्या उत्सवाचाच एक भाग होऊन बसला.

खड्डे पडतात का, याचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावरून रात्रंदिवस ट्रक फिरवले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याचं नुकसान एक्सलच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. एक टनाच्या एक्सलपेक्षा दहा टनांचा एक्सल दहा पट नाही, दहा हजार पट नुकसान करतो. आता डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना आणि रोह्याजवळची धाटावची एमआयडीसी डोळ्यांसमोर आणा. गणपतीच्या पिकअपने हा रस्ता बिघडवलेला नाही. पण त्याची फी तीही भरते.

आणखी पुढचं. ट्रक खड्ड्यात आदळला की त्याचा बंप स्टॉप लागतो आणि त्या क्षणी चाक रस्त्यावर हातोड्यासारखं पडतं. म्हणजे कडक सस्पेन्शन खड्डा मोठा करतं आणि मोठा खड्डा सस्पेन्शन मोडतो. युरोपने हे ओळखून १९९२ च्या नियमांत हवेवरचं किंवा तितकंच मऊ सस्पेन्शन असलेल्या ट्रकांना जास्त वजन न्यायची सवलत दिली. रस्ता वाचवणाऱ्याला बक्षीस. आपल्याकडे २०१८ साली ट्रकांची एक्सल मर्यादा सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवली, तेव्हा वाढीव वजनासाठी मऊ सस्पेन्शनची अट घालायची संधी होती.

गतिरोधकांचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८८ चं मानक सांगतं, की गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हलक्या वक्राचा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी हळुवार ओलांडेल. गावागावांतून रातोरात उगवणारे उंच अरुंद उंचवटे या मोजपट्टीच्या आसपासही नसतात. तिथे गाडीचा बंप स्टॉप आणि मूर्तीची सोंड, दोघांची एकदमच परीक्षा.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात आवडणारा तोडगा मात्र रोहा तालुक्यातच निघालाय. पनवेलकडून येणारी रेल्वे १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आली. कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्याहून, आणि ती २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण झाली. बरोबर एक वर्षाने, २६ जानेवारी १९९९ ला, रोह्याच्या पुढच्याच कोलाड स्टेशनातून 'रोरो' सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवायचा आणि थेट गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. म्हणजे ट्रकचं सस्पेन्शन सुधारायचं नाही, रस्ताही सुधारायचा नाही. अख्खा ट्रकच उचलून दुसऱ्याच्या सस्पेन्शनवर ठेवायचा. २०२५ च्या गणपतीत तर खाजगी मोटारींसाठीही कोलाडहून अशी गाडी सोडली. पूर्वी खाडीतली होडी जे करायची तेच आता वाघीण करते.

हिशोब

तर मंडळी, एका टोकाला पालखी आहे, जिथे हादरा माणसाच्या खांद्याने घेतला. मग बैलगाडी, जिथे वेगाने आणि पेंढ्याने घेतला. मग पोलादी पाटे. आणि आता रबराचा ठोकळा, ज्याचे पैसे पिकअपवाला स्वतःच्या खिशातून घालतो. रस्ता जितका वाईट, तितका हा खर्च रस्ता बांधणाऱ्याकडून सरकत सरकत रस्ता वापरणाऱ्याकडे येतो. तो मूर्तीच्या भाड्यात जातो, पेंढ्याच्या जाड थरात जातो, ड्रायव्हरच्या कंबरेत जातो, कारखानदाराने 'वाटेत दोन तुटणार' म्हणून जादा बनवून ठेवलेल्या मूर्तींत जातो. कुठल्याच सरकारी अंदाजपत्रकात तो दिसत नाही, म्हणून तो नसल्यासारखा वाटतो.

आपल्या धंद्यात एक साधा नियम आहे. कॅच ब्लॉक चांगला लिहावाच. पण लॉग उघडल्यावर दर मिनिटाला कंट्रोल तिथेच जातोय असं दिसलं, तर कॅच ब्लॉक अजून भारी करत बसायचं नसतं. वर कुठेतरी बग आहे तो शोधायचा असतो. चांगला बंप स्टॉप जरूर बसवावा. पेण ते रोहा या अंतरात तो जितक्या वेळा लागतो, तितक्या वेळा रस्त्याविरुद्ध एक तक्रार नोंदली जाते, असं समजायला हरकत नाही.

असो. पुढच्या भाद्रपदाआधी महामार्गावर पेंढा भरलेली पिकअप समोर दिसली तर हॉर्न वाजवू नका. ती हळू चाललीय याला कारण आहे. आत बसलेला पाहुणा मातीचा आहे, आणि चालवणाऱ्याला आपल्या पाट्यांची आणि रबराची मर्यादा तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.